सिरप ब्रिक्सचा सेन्सर पुन्हा पुन्हा वर सरकतो: बायस बदलण्याआधी काय तपासायचं

साखर कारखान्यात गाळप सुरू झालं की इन्स्ट्रुमेंट विभागाकडे काही तक्रारी दरवर्षी ठरलेल्या येतात. सिरप ब्रिक्सची, म्हणजे सिरपमध्ये विरघळलेल्या घन पदार्थांच्या (मुख्यतः साखरेच्या) टक्केवारीची तक्रार त्यातलीच. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीनंतर (भांड्यानंतर) सिरप लाईनवर बसवलेला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजणारा सेन्सर, क्लीनिंगनंतर काही दिवस लॅबशी छान जुळतो, मग हळूहळू वर जायला लागतो. लॅब ६० म्हणते, स्क्रीनवर ६१. पुढे ६२, मग ६३. कोणीतरी ट्रान्समीटरमध्ये उणे तीनचा बायस, म्हणजे आकड्यात कायमची वजाबाकी, टाकतं, आकडे जुळतात, तक्रार मिटते. पुढच्या क्लीनिंगनंतर तोच सेन्सर तीनने खाली दिसतो, मग बायस काढावा लागतो आणि काही दिवसांनी परत तेच. हंगामाच्या मध्यापर्यंत त्या आकड्यावर कोणाचाच भरवसा उरत नाही. कंट्रोल व्हॉल्व्ह मॅन्युअलवर जातो आणि लाखो रुपयांचं उपकरण नुसतं लुकलुकत राहतं.

हा प्रश्न सुटतो. फक्त फरक किती आहे यावर भांडत बसू नये, फरक कसा वागतो ते आधी पाहावं. रोज थोडा थोडा वाढणारा फरक, एका क्षणी एकदम पडलेला फरक, जास्त ब्रिक्सला मोठा आणि कमी ब्रिक्सला छोटा होणारा फरक, पहाटे एक आणि दुपारी दुसरा दिसणारा फरक, या चारही गोष्टींची कारणं वेगळी आहेत. बायस टाकला की ही सगळी माहिती पुसली जाते. म्हणून कारण कळेपर्यंत बायसला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

तीन ब्रिक्सने काय बिघडतं?

हिशोब करून पाहा. रोज ५००० टन गाळपाच्या कारखान्यात तासाला साधारण २०८ टन ऊस येतो. क्लिअर ज्यूस तेवढाच धरू, ब्रिक्स १४. त्याचं ६३ ब्रिक्सचं सिरप केलं तर तासाला ४६.२ टन होतं, ६० चं केलं तर ४८.५ टन. म्हणजे सेन्सर तीनने जास्त दाखवत असेल आणि ऑटो लूप त्याच्यावर विश्वास ठेवून खरं ब्रिक्स ६० वर आणून ठेवत असेल, तर तासाला सुमारे २.३ टन जास्तीचं पाणी पॅनवर (सिरपमधून साखरेचा दाणा पाडणाऱ्या भांड्यात) उकळावं लागतं. इव्हॅपोरेटर चार बॉडींचा असेल तर तिथे एक टन वाफेत जवळपास चार टन पाणी उडतं. पॅन एकेरी आहे, तिथे एक टन पाण्याला टनभर वाफ लागतेच. जे पाणी स्वस्तात उडालं असतं ते महागात उडतं, पॅनचा वेळ जातो तो वेगळाच.

उलट बाजूही तितकीच वाईट. सेन्सर कमी दाखवत असेल तर सिरप ६८-७० पर्यंत घट्ट होतं. शुद्ध साखरेचं संपृक्त द्रावण २० अंशाला सुमारे ६६.७ टक्क्यांचं असतं. गरम असताना काही दिसत नाही, पण थंड कोपऱ्यात, सॅम्पल कॉकमध्ये, थांबलेल्या पंपाच्या केसिंगमध्ये दाणा धरायला लागतो.

सेन्सर नेमकं काय पाहतो

हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

लाईनमधला रिफ्रॅक्टोमीटर सिरपच्या आरपार पाहत नाही. प्रिझमच्या आतून एलईडीचा पिवळा प्रकाश प्रिझम आणि सिरप यांच्या सीमेवर वेगवेगळ्या कोनांतून पडतो. एका ठरावीक कोनापलीकडचा प्रकाश पूर्ण परावर्तित होऊन परत येतो, त्याअलीकडचा बराचसा सिरपमध्ये निघून जातो. आतल्या सीसीडीवर (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) उजेड आणि अंधार यांची सीमारेषा पडते. तो क्रांतिक कोन. तो सिरपच्या वक्रीभवनांकावर (प्रकाश किती वाकतो त्या आकड्यावर) अवलंबून, आणि वक्रीभवनांक साखरेच्या प्रमाणावर.

२० अंशाला पाण्याचा वक्रीभवनांक १.३३३०, ६० ब्रिक्सचा १.४४१९, ६५ चा १.४५३५. नीलमाचा प्रिझम असेल, म्हणजे वक्रीभवनांक सुमारे १.७६८, तर पाण्याला हा कोन ४९ अंशांच्या जवळ येतो, ६० ब्रिक्सला ५४.६ आणि ६३ ब्रिक्सला ५५.०. ज्या तीन ब्रिक्सवरून शिफ्टमध्ये वाद होतो तो प्रिझमपाशी अर्ध्या अंशाहूनही कमी असतो. तरी चांगलं उपकरण ते सहज ओळखतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सिरप काळं आहे, गढूळ आहे, रंग बदलला, याने मापन बिघडत नाही. प्रकाश आरपार जाऊन किती शोषला गेला हे मोजणाऱ्या सेन्सरला हा त्रास होतो, इथे सीमारेषेची जागा मोजली जाते. ‘आज रस काळा आहे म्हणून ब्रिक्स चुकतंय’ हे कारण मी मान्य करत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. परावर्तित होणारा प्रकाश सिरपमध्ये एका मायक्रॉनपेक्षाही कमी खोल डोकावतो. म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने पाइपमधलं सगळं सिरप म्हणजे प्रिझमला चिकटलेला तेवढाच पातळ पापुद्रा. तिथे काही मायक्रॉनचा थर साठला की सेन्सर सिरप मोजायचं सोडून तो थर मोजायला लागतो, आणि आपलं काम चोख करत असल्यासारखा स्थिर आकडा देत राहतो. थर साखरेचा असेल तर तो वाहत्या सिरपपेक्षा घट्ट असतो. कॅल्शियम सल्फाइट, सिलिका असे क्षार असतील तर त्यांचाही वक्रीभवनांक बहुधा सिरपपेक्षा वरचढ. म्हणून थराचा फरक जवळजवळ नेहमी वरच्या दिशेने जातो.

आधी नोंद, मग पाना

सेन्सर बाहेर काढण्याआधी एक-दोन दिवस साधी नोंद ठेवा. सॅम्पलची नेमकी वेळ, त्याच मिनिटाचं स्क्रीनवरचं ब्रिक्स, सेन्सरचं तापमान, कच्चा वक्रीभवनांक, एलईडीची पातळी, लॅबचं ब्रिक्स, लॅबमधलं तापमान आणि लॅबने सिरप पातळ करून मोजलं की तसंच. कच्चा वक्रीभवनांक बहुतेक ट्रान्समीटरच्या डायग्नोस्टिक मेनूमध्ये असतो आणि तो पाहायची सवय लावा, कारण ब्रिक्सच्या आकड्यात तापमानाची दुरुस्ती, वक्र (वक्रीभवनांकावरून ब्रिक्स काढायचं सूत्र) आणि बायस असं सगळं मिसळलेलं असतं.

‘त्याच मिनिटाचं’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. बऱ्याच कारखान्यांत लॅबचा सिरपचा आकडा दोन तासांच्या किंवा अख्ख्या शिफ्टच्या एकत्र सॅम्पलचा असतो, आणि त्याची तुलना सेन्सरच्या त्या क्षणाच्या आकड्याशी केली जाते. सिरप ५८ ते ६४ मध्ये हेलकावे खात असेल तर हे दोन आकडे जुळणारच नाहीत, आणि तो दोष सेन्सरचाही नाही आणि लॅबचाही नाही. तुलनेसाठी वेगळं सॅम्पल घ्या. सेन्सरच्या जवळच्या कॉकमधून, आधी कॉक थोडा वाहू देऊन.

फरक रोज वाढतो, क्लीनिंगनंतर पडतो

हा थर. शंभरातली बहुतांश प्रकरणं इथेच संपतात, आणि खात्री करायची पद्धतही सरळ आहे. लाईन आयसोलेट करा, ड्रेन करा, दाब शून्य झाल्याची खात्री करा. सिरप ५५-६० अंशांवर असतं आणि शेजारी स्टीमची लाईन असते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय क्लॅम्पला हात नको. सेन्सर बाहेर काढा आणि पुसण्याआधी प्रिझम उजेडात नीट बघा. मग गरम पाणी आणि मऊ फडकं. परत बसवून दहा मिनिटांनी पुन्हा तुलना करा. फरक संपला तर कारण हातात आलं.

गरम पाण्याने गेला तो साखरेचा किंवा चिकट पदार्थांचा थर. शिळा किंवा जळालेला ऊस येत असताना डेक्स्ट्रान वाढतं, सिरप चिकट होतं, तेव्हा हा थर लवकर धरतो. गरम पाण्याने न जाणारा, पांढुरका, खरखरीत थर क्षारांचा. सल्फाइटसारखा चुन्याचा क्षार पातळ आम्लाने सुटतो. सिलिका आम्लाला दाद देत नाही, तिला गरम कॉस्टिक लागतं. नीलम किंवा स्पिनेलचा प्रिझम दोन्ही सहन करतो, काचेचा करत नाही, आणि गॅस्केट कशाचं आहे हेही पाहायला हवं. आम्लानंतर भरपूर पाणी, मगच कॉस्टिक. पॉलिश पेपर, ब्लेड, तारेचा ब्रश यांपैकी काहीही प्रिझमजवळ न्यायचं नाही. एक ओरखडा कायमचा राहतो आणि सीमारेषा कायमची फिस्कटते.

पण पुसून बसवलं म्हणजे प्रश्न सुटला नाही. आठवड्याने थर पुन्हा येणार. तो का येतो, हे शोधायला हवं, आणि बहुतेक वेळा उत्तर पाइपच्या व्यासात असतं.

सिरप प्रिझमवरून पुरेशा वेगाने वाहिलं तर प्रिझम आपोआप स्वच्छ राहतो. सेकंदाला दीड मीटर हा वेग धरून चालावं, त्याहून जास्त असला तर उत्तम. आता वरचाच कारखाना घ्या. तासाला ४८ टन सिरप, गरम असताना घनता १.२७ च्या आसपास, म्हणजे तासाला साधारण ३८ घनमीटर. १५० मिलिमीटर व्यासाच्या लाईनमध्ये हा वेग सेकंदाला ०.६ मीटर येतो. १०० मिलिमीटरमध्ये १.३. ८० मिलिमीटरमध्ये २.१. म्हणजे ज्या सहा इंची लाईनवर सोयीसाठी सेन्सर ठोकलेला असतो तिथे थर बसणं अटळ आहे. कितीही वेळा पुसा.

उपाय म्हणजे सेन्सरपुरता पाइपचा तुकडा रिड्यूसर लावून ८० मिलिमीटरचा करायचा. दाबाचा थोडा तोटा होतो, सिरप पंप तो बहुतेक वेळा पचवतो, तरी पंपाच्या क्षमतेशी ताडून घ्या. त्यातही जागा निवडता आली तर पाइपच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे प्रवाह प्रिझमवर येऊन आदळतो, तिथे बसवा. वर चढणारी उभी लाईन सर्वांत चांगली. आडव्या लाईनवर बसवायचाच असेल तर बाजूने बसवा. माथ्यावर हवा साठते, तळाशी गाळ.

सिरप सल्फायटेशन (सिरपमध्ये गंधकाचा वायू सोडण्याची पायरी) असलेल्या कारखान्यात सेन्सर त्याच्या आधी आहे की नंतर, हेही पाहा. नंतर असेल तर वायूचे बुडबुडे आणि सल्फाइटचा थर हे दोन्ही त्रास आपण ओढवून घेतो. इव्हॅपोरेटर नियंत्रित करायचा आहे, तर मापन सिरप पंपाच्या डिलिव्हरीवर, सल्फायटेशनच्या आधीच हवं.

स्टीम वॉश असूनही थर येतो

स्टीम वॉशची नॉझल बसवलेली असते, टायमर चालू असतो, तरीही थर. अशा वेळी वॉश चालू असताना कच्च्या वक्रीभवनांकाचा ट्रेंड पाहा. वॉश खरंच प्रिझमवर पोचत असेल तर तो आकडा झपकन पाण्याच्या जवळ कोसळतो आणि वॉश संपल्यावर परत वर येतो. कोसळतच नसेल तर नॉझल चोक आहे, सोलेनॉइड उघडत नाही, स्टीमचा दाब लाईनच्या दाबापेक्षा पुरेसा जास्त नाही किंवा थर इतका कडक झालाय की वाफ त्याला हलवू शकत नाही.

‘जास्त वेळ वाफ मारू, जास्त स्वच्छ होईल’ हा समज इथे नुकसान करतो. तीन ते पाच सेकंद पुरतात. लांबलेल्या वॉशमध्ये प्रिझम तापतो आणि त्यावरचं सिरप, गुऱ्हाळात काहिलीच्या काठाला रस करपून बसतो तसं, भाजून चिकटतं. वॉशची वेळ वाढवण्यापेक्षा दोन वॉशमधलं अंतर कमी करा. स्टीममध्ये पाणी फार येत असेल तर ट्रॅप तपासा. आणि वॉशदरम्यान आउटपुट होल्ड होतोय ना, म्हणजे शेवटच्या आकड्यावर थांबतोय ना, हे नक्की बघा. होल्ड नसेल तर दर वॉशला कंट्रोलरला ब्रिक्स शून्याकडे गेल्यासारखं दिसतं, व्हॉल्व्ह धडपडतो आणि पुढची काही मिनिटं सिरप खरंच बिघडतं. ‘दर तासाला ब्रिक्स उसळी मारतं’ अशी तक्रार असली की मी आधी होल्ड तपासायला सांगतो.

आकडा थरथरतो किंवा मधूनच हरवतो

हे बहुधा हवेचं काम. सिरपमध्ये मिसळलेले लहान बुडबुडे आकडा फारसा हलवत नाहीत, पण प्रिझमवर चिकटून बसलेले बुडबुडे सीमारेषा पुसट करतात. शेवटची बॉडी निर्वातात चालते, त्यामुळे सिरप पंपाच्या सक्शन बाजूला ग्लँड सैल असेल, फ्लँज गळका असेल, तर सिरप बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून कुठे थेंबही दिसत नाही म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. सेन्सर सक्शनला असेल तर डिलिव्हरीला न्या, आणि ग्लँडचं पॅकिंग पाहा. शेवटच्या बॉडीत लेव्हल खाली गेली तरी पंप हवा आणि बाष्प ओढतो, म्हणून ब्रिक्सचा आणि लेव्हलचा ट्रेंड एकत्र लावून बघा.

सीमारेषेचं चित्र दाखवणारं उपकरण असेल तर काम फारच सोपं होतं. रेषा स्पष्ट आणि जागेवर, पण आकडा चुकीचा: थर किंवा कॅलिब्रेशन. रेषा पसरट: बुडबुडे, ओरखडा किंवा अर्धवट थर. चित्रच अंधारं आणि एलईडी पूर्ण ताकदीवर: प्रिझम झाकला गेलाय किंवा एलईडी म्हातारा झालाय.

आणखी एक कारण सहसा सुचत नाही. सेन्सरच्या आतच ओल. गॅस्केट झिजलं किंवा कव्हर नीट लागलं नाही की आत दमट हवा जाते, थंड झाल्यावर आतल्या बाजूने प्रिझमवर दव धरतं. बाहेरून कितीही पुसलं तरी उपयोग नाही. आतल्या आर्द्रतेचा आकडा मेनूमध्ये असतो. तो चढत असेल तर सिलिका जेलची पुडी बदला आणि सील शोधा. शेवटच्या बॉडीजवळ वाफेचे गळके सांधे असतात, तिथल्या सेन्सरला हे जास्त होतं.

पहाटे जुळतं, दुपारी जुळत नाही

इथे संशय लॅबवर घ्यायला हवा, आणि लॅबने तो मनाला लावून घेऊ नये. सिरपचं ब्रिक्स दर अंशाला सुमारे ०.०८ ने सरकतं. तापमान वाढलं की वाचन खाली जातं. जानेवारीत पहाटे लॅबचं तापमान १५ अंश आणि दुपारी ३२ असू शकतं. जुन्या अॅबे रिफ्रॅक्टोमीटरवर, पाण्याचं अभिसरण नसताना आणि दुरुस्तीचा तक्ता न वापरता मोजलं, तर एकाच सिरपचे आकडे सव्वा ब्रिक्सहून जास्त वेगळे येतात.

आता यात पातळ करण्याची पद्धत मिसळा. सिरप घट्ट आणि काळं असल्यामुळे लॅबमध्ये समान वजनाचं पाणी घालून मोजतात आणि आकडा दुप्पट करतात. चूकही दुप्पट होते. १७ अंशांच्या फरकाचा सव्वा ब्रिक्स अडीचच्या वर जातो. ज्या तीन ब्रिक्ससाठी सेन्सरला बायस टाकला जातो त्यातला बराचसा भाग कधी कधी इथून आलेला असतो.

पातळ करताना दोन्ही गोष्टी वजनानेच घ्यायच्या. १०० मिलिलिटर सिरपमध्ये १०० मिलिलिटर पाणी घातलं तर ते समान प्रमाण होत नाही, कारण ६० ब्रिक्सच्या सिरपची घनता सुमारे १.२९ आहे. असं मिश्रण ३० ऐवजी जवळपास ३४ ब्रिक्सचं होतं आणि दुप्पट केलं की ६७-६८ चा आकडा लॅबच्या वहीत जातो. मग सेन्सर सात-आठने कमी दाखवतोय अशी ओरड होते, आणि सेन्सर बरोबर असतो.

सॅम्पल कसं येतं तेही पाहा. ६० अंशांचं सिरप उघड्या डब्यात आणलं की वाटेत वाफ जाते आणि लॅबचं ब्रिक्स वाढतं. झाकणाची बाटली वापरा, बंदच ठेवून थंड करा, झाकणाला आतून धरलेलं पाणी परत मिसळून घ्या, मगच मोजा. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर गरम थेंब टाकला तर प्रिझमला तापमान धरायला अर्धा-एक मिनिट द्या. त्यांची आपोआप तापमान दुरुस्ती साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. आणि ब्रिक्स हायड्रोमीटरचा आकडा रिफ्रॅक्टोमीटरशी जुळवायला जाऊ नका. हायड्रोमीटर घनता पाहतो, आणि क्षारांमुळे घनता साखरेपेक्षा वेगळ्या प्रमाणात वाढते. शुद्धता कमी होत जाते तसा हा फरक वाढतो, मोलॅसिसमध्ये तर खूपच. कारखान्याने एक पद्धत ठरवावी आणि सेन्सरची तुलना रिफ्रॅक्टोमीटरशीच करावी.

लॅबच्या उपकरणात पेल्टियर (तापमान स्थिर ठेवणारा घटक) असेल आणि ते २० अंशावर स्थिर ठेवून मोजत असेल, तर वरचे अर्धे प्रश्न उरतच नाहीत. सेन्सर महाग घेऊन लॅबमध्ये काटकसर करणारे कारखाने या मापनावर सर्वाधिक वाद घालतात.

तापमानाचा प्रश्न सेन्सरच्या बाजूनेही येऊ शकतो. टोकाजवळचा तापमान घटक पाच अंशांनी चुकला तर ब्रिक्समध्ये सुमारे अर्ध्याची चूक येते. शेजारच्या थर्मोवेलशी ताडून पाहा. आणि कोणी सेटिंग चाळताना तापमान दुरुस्तीच बंद केली असेल, तर ६० अंशांचं सिरप तीन-साडेतीन ब्रिक्स कमी दिसेल. हा फरक एकदम पडतो, हळूहळू नाही.

फरक एकदम पडला

एकदम पडलेल्या फरकाला तारीख असते. त्या तारखेला काय झालं ते शोधा. सेन्सर हेड बदललं आणि नव्या हेडचे गुणांक ट्रान्समीटरमध्ये भरले नाहीत, वीज गेल्यावर सेटिंग मूळपदावर आली, दुसऱ्या लाईनचा वक्र निवडला गेला, ४-२० मिलीअॅम्पियरच्या सिग्नलची रेंज ट्रान्समीटरमध्ये ०-१०० आणि डीसीएसमध्ये (कंट्रोल रूमच्या संगणकात) ०-८० राहिली. शेवटचं कारण ओळखायला सोपं आहे. उपकरणाच्या डिस्प्लेवर एक आकडा आणि कंट्रोल रूममध्ये दुसरा असतो. दोन्हीकडे माणूस उभा करून फोनवर आकडे वाचून घ्या, प्रिझमला हात लावायची गरजच पडणार नाही.

फरक ब्रिक्सप्रमाणे लहान-मोठा होत असेल, म्हणजे ५० ला जुळतं आणि ६५ ला दोनने चुकतं, तर एका बायसने ते कधीच दुरुस्त होणार नाही. तिथे वक्र तपासायचा, आणि त्यासाठी प्रमाणित द्रव लागतात.

प्रमाण द्रवावर तपासणी

सेन्सर पूर्ण स्वच्छ करा. सॅम्पल होल्डर लावा किंवा प्रिझम वर करून त्यावर डिस्टिल्ड वॉटरचे थेंब ठेवा, सेन्सर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कच्चा वक्रीभवनांक २० अंशाला १.३३३०, २५ ला १.३३२५, ३० ला १.३३१९ च्या जवळ यायला हवा. मग वरच्या टोकाला एक बिंदू घ्या. ज्ञात वक्रीभवनांकाचे प्रमाणित द्रव मिळतात आणि ते घेऊन ठेवणं सगळ्यात बरं. नसतील तर ६० ग्रॅम शुद्ध साखर आणि ४० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर नेमक्या वजनाने बंद बाटलीत, कोमट करून पूर्ण विरघळवा. थंड झाल्यावर बाटलीचं वजन पुन्हा करून उडालेलं पाणी भरून काढा. २० अंशाला १.४४१९ यायला हवा. या भागात ०.००२३ म्हणजे एक ब्रिक्स, हे लक्षात ठेवलं की कच्च्या आकड्यावरून तिथल्या तिथे हिशोब होतो.

दोन्ही बिंदू बरोबर आले तर सेन्सर निर्दोष आहे, दोष बसवण्याच्या जागेत किंवा लॅबच्या पद्धतीत शोधा. दोन्ही सारख्याच अंतराने चुकले तर शून्य सरकलंय. एकच चुकला तर वक्र किंवा प्रिझमवर न दिसणारा थर.

मग बायस कधी? प्रिझम स्वच्छ आहे, प्रमाण द्रवावर सेन्सर बरोबर आहे, लॅब २० अंशावर मोजतेय, सॅम्पल त्याच मिनिटाचं आणि बंद बाटलीतलं आहे, आणि तरीही वेगवेगळ्या ब्रिक्सच्या दहा-बारा जोड्यांमध्ये तोच ठरावीक फरक उरतो, तर तो तुमच्या सिरपमधल्या साखरेतर घटकांचा फरक आहे. सेन्सरचा वक्र शुद्ध साखरेचा असतो, सिरप शुद्ध साखर नसते, आणि लॅब पातळ करून मोजते तेव्हा हा फरक थोडा वेगळा दिसतो. एवढाच बायस टाकणं योग्य. तो सहसा लहान असतो, आणि तो किती, कधी, कोणी टाकला हे सेन्सरच्या शेजारी लिहून ठेवा. एका जोडीवरून बायस कधीच टाकू नका.

साखरेबाहेर हे उपकरण वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण विचारणा येते. ब्रिक्स ही साखरेची मोजपट्टी आहे. सीएनसीच्या कूलंटवर ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर लावला तर आलेल्या आकड्याला त्या कूलंटच्या गुणकाने गुणावं लागतं, तो डब्यावर किंवा माहितीपत्रकात असतो. कूलंटमध्ये मशिनचं तेल मिसळलं की रेषा पसरट होते, तेव्हा वरचं तेल काढून खालचं सॅम्पल घ्या. डेअरीतल्या कॉस्टिक वॉशवर ब्रिक्सचा आकडा वाचून टक्केवारी लिहिणं चुकीचंच, तिथे कॉस्टिकचा स्वतंत्र वक्र भरावा लागतो. बाकी थर, वेग, हवा आणि तापमान यांची तपासणी सगळीकडे हीच.

हंगाम संपताना सेन्सर लाईनवर तसाच सोडू नका. शेवटच्या क्लीनिंगमध्ये काढा, धुवा, डिस्टिल्ड वॉटर आणि वरच्या बिंदूवर तपासा, कच्चे आकडे तापमानासकट वहीत लिहा, सिलिका जेल नवीन टाका, कोरड्या जागी ठेवा. पुढच्या वर्षी बॉयलर पेटायच्या आधी तेच दोन आकडे पुन्हा घ्या. जुळले तर सेन्सर निर्धास्त बसवा. जुळले नाहीत तर दुरुस्तीला पाठवायला गाळप सुरू होईपर्यंत अजून वेळ हातात असतो.